घरट्यांचे फोटो छापू नका, लांबून काढलेले छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पुरवणीत वाचकांनी प्रवासात काढलेले फोटो येतात, ते पान आमच्याकडे सगळ्यात आधी उघडलं जातं. पण हल्ली त्यात घरट्यातली पिल्लं, अंड्यांवर बसलेली मादी, अगदी अंगाशी जाऊन काढलेले पक्षी असे फोटो वाढलेत आणि जागाही त्यांनाच मोठी मिळते, म्हणून हे पत्र. मुलगी फ्लोरिडात असते त्यामुळे तिकडच्या गल्फच्या, म्हणजे मेक्सिकोच्या आखाताच्या किनाऱ्यावर कॅमेरा घेऊन भरपूर हिंडायला मिळालं, आणि तिथं जे बघितलं ते आपल्या फोटोवाल्यांना सांगावंसं वाटतंय.

फ्लोरिडा म्हटलं की आपल्याकडची मंडळी डिस्ने आणि मायामी करून परत येतात. सॅनिबेल बेटावर कोणी फारसं जात नाही, खरं तर कोकणातल्या माणसाला ती जागा लगेच ओळखीची वाटेल, तेच कांदळवन, तीच भरती-ओहोटी, तोच घाम. (एसी गाडीतून बाहेर काढल्या काढल्या लेन्सवर वाफ धरते, त्यामुळे कॅमेरा आधीपासूनच डिकीत ठेवलेला बरा.) तिथल्या अभयारण्यात साधारण 6 किलोमीटरचा गाडीरस्ता आहे, ओहोटीची वेळ बघून जायचं, चिखल उघडा पडला की पक्षी खायला उतरतात. आपल्या चमचा पक्ष्याचा गुलाबी भाऊबंद तिथं चोच डावी-उजवीकडे फिरवत चरत असतो, तपकिरी पेलिकन उंचावरून धाडकन पाण्यात सूर मारतो आणि आपल्या तिरंदाजासारखाच एक पक्षी पंख पसरून वाळवत बसलेला असतो. आणि लोक काय करतात तर गाडीत बसूनच फोटो काढतात, कारण पक्षी गाडीला फारसं घाबरत नाहीत पण माणूस उतरून चालायला लागला की उडतात. रस्त्यावर उतरले तरी कडेला ट्रायपॉड लावून गप्प उभे. पक्ष्याने चरणं थांबवून मान वर केली की आपण फार जवळ गेलोय, हा तिथला साधा नियम आणि तो मला फार आवडला.

या अभयारण्याला नाव आहे ते 'डिंग' डार्लिंग यांचं, म्हणजे तुमच्याच क्षेत्रातला माणूस, वर्तमानपत्रातला व्यंगचित्रकार, दोनदा पुलित्झर मिळालेला. शिकाऱ्यांनी विकत घ्यायचा आणि त्या पैशातून पाणथळ जागा राखायच्या असा बदकांचा स्टॅम्प अमेरिकेत 1934 साली निघाला, त्यातल्या पहिल्या स्टॅम्पचं चित्र डार्लिंग यांनीच काढलं. पेपरातल्या चित्राने काय होऊ शकतं याचं याहून चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही.

पक्ष्यांपासून लांब राहायचं हे भान तिथं आपोआप आलं नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी बायकांच्या हॅटवर बगळ्यांची पिसं लावायची फॅशन होती आणि ती शोभेची पिसं विणीच्या काळातच येतात, म्हणून शिकारी नेमके घरट्यांवरच जायचे, मोठे पक्षी मारले की पिल्लं तशीच उपाशी मरायची, वसाहतीच्या वसाहती संपल्या. 1903 मध्ये फ्लोरिडातलं पेलिकन आयलंड हे बेट पक्ष्यांसाठी राखीव झालं आणि 1905 मध्ये गाय ब्रॅडली नावाच्या रखवालदाराला एव्हरग्लेड्स या दक्षिण फ्लोरिडातल्या दलदलीकडच्या किनाऱ्यावर शिकाऱ्याने गोळी घालून मारलं. आज आपल्या हातात बंदूक नाही कॅमेरा आहे हे खरं, पण घरट्यापाशी गेलो की मादी उठतेच, उघड्या वाळूतली अंडी उन्हात थोड्या वेळात खराब होतात आणि कावळे टपलेले असतातच. म्हणून तिकडे बीचवर सुरय पक्ष्यांनी अंडी घातली की खांब ठोकून दोरी बांधतात, बाजूला पाटी, आणि लोक खरंच दोरीच्या अलीकडे थांबतात.

कासवांचंही तेच. विणीच्या मोसमात किनाऱ्यावरच्या घरांचे आणि हॉटेलांचे दिवे समुद्राच्या बाजूने झाकतात किंवा बंद करतात, फ्लॅश तर नाहीच, कारण पिल्लं उजेडाकडे चालत सुटतात आणि समुद्राऐवजी रस्त्यावर जातात. आपल्या वेळासला ऑलिव्ह रिडलेची पिल्लं सोडताना दोरी असते, कार्यकर्ते घसा कोरडा होईपर्यंत सांगत असतात, तरी मोबाईलचे हात पुढे येतातच, हे बघून जीव तुटतो.

गावांबद्दलही थोडं लिहितो. त्याच किनाऱ्यावर 'सीडर की' नावाचं सातशेच्या आसपास वस्तीचं एक गाव आहे, 1995 मध्ये जाळ्यांवर बंदी आल्यावर तिथले मच्छीमार शिंपल्यांच्या शेतीकडे वळले, पाण्यातली लाकडी घरं फोटोला फार सुंदर. 2023 आणि 2024 अशी लागोपाठ दोन वर्षं तिथं वादळाचं पाणी घुसलं. सॅनिबेललाही 2022 च्या इयान वादळात पूल तुटला, लोखंडी पायांवर उभ्या 1884 च्या दीपगृहाचा एक पाय वाहून गेला. पडलेल्या घराचा फोटो काढायचा तर घरातल्या माणसाला आधी विचारावं, नाही म्हणाला तर कॅमेरा खाली घ्यावा. निसर्ग वादळानंतर आपल्या दिवेआगर-श्रीवर्धनच्या मोडलेल्या वाड्या लोक गाडीतून शूट करत होते तेव्हाही मला हेच वाटलं होतं.

तर विनंती अशी की घरट्याचा, अंड्यांचा, हातात धरलेल्या पिल्लाचा फोटो कितीही देखणा असला तरी छापू नका आणि तसं त्या पानावर ठळक लिहा. लांबून काढलेला, पक्षी छोटा पण आजूबाजूचं कांदळवन, पाणी, होड्या दिसतायत असा फोटो मोठा छापा. फोटोखाली कॅमेरा-लेन्सची माहिती देता तशी किती अंतरावरून काढला तेही पाठवणाऱ्याकडून मागवा. फेब्रुवारी-मार्चमध्ये वेळासची गर्दी सुरू होते, त्याच्या आधी हे सुरू झालं तर फार बरं होईल.

आपला,
एक नियमित वाचक, चिपळूण