पोरांची संख्या नको, पटावरची मुलगी मोजा: शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

माननीय शिक्षणमंत्री,
गोवा राज्य, पर्वरी.

सप्रेम नमस्कार.

ग्रामसभा असो की पणजीच्या बसमधल्या गप्पा, लोकसंख्येचा विषय निघाला की आपल्याकडे तो लगेच 'भायल्यां'वर, म्हणजे बाहेरून आलेल्या मजुरांवर घसरतो. यांना पोरे फार म्हणून हे गरीब, आणि हे इथे आले म्हणून आपल्या पाण्याचे, जागेचे, कचऱ्याचे वाटोळे. सरकारी मराठी प्राथमिक शाळेत आयुष्य घालवून मी निवृत्त झालो. हे गणित मला उलटे मांडलेले दिसते. ते सुलटे करणे आरोग्य खात्यापेक्षा तुमच्या खात्याच्या हातात जास्त आहे, म्हणून हे पत्र तुम्हाला.

आधी आपले घर पाहू. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात गोव्याचा जननदर १.३ निघाला, म्हणजे एका बाईमागे सरासरी सव्वा-दीड मूल. लोकसंख्या आहे तेवढी टिकायलाही २.१ लागतो. तेव्हा कामाला हात बाहेरूनच येणार. १ ऑगस्टला मासेमारीबंदी उठते, पण ओडिशा-झारखंडचे खलाशी गावाहून परतले नसतील तर मालीमच्या जेटीवर ट्रॉलर नुसते डुलत राहतात. चिरेखाणीवर आणि सेंट्रिंगच्या कामावर वेगळे काही नाही. माणूस हवा, पण त्याचे बिऱ्हाड नको, असे कसे चालेल?

याच सर्वेक्षणात बिहारचा दर ३ होता. पण त्यातला खरा आकडा प्रांताचा नाही, शाळेचा आहे. देशभरात शाळेचे तोंड न पाहिलेल्या बाईला सरासरी २.८ मुले, बारावी किंवा पुढे शिकलेलीला १.८. बांगलादेशात सत्तरच्या दशकात हा दर सहाच्या वर होता, आज दोनच्या आसपास आहे. श्रीमंती येईपर्यंत तो देश थांबला नाही. गावोगावच्या बायका गर्भनिरोधक साधने घेऊन घरोघर फिरल्या, मुली शाळेत गेल्या, पुढे तयार कपड्यांच्या कारखान्यांत कमावू लागल्या. उलट नायजरमध्ये चारांतल्या तीन मुलींची लग्ने अठराच्या आत होतात आणि बाईमागे सहाच्या आसपास मुले आहेत. बाळ जगेल याची खात्री नाही, म्हातारपणी पेन्शन नाही, अशा ठिकाणी चार पोरे हा अडाणीपणा नसतो, हिशेब असतो. मात्र त्या हिशेबात देशाचे हात बांधले जातात हेही खरे. दरवर्षी वाढणाऱ्या पोरांसाठी वर्ग बांधण्यातच पैसा संपतो, शिकवण्याचा दर्जा वाढवायला उरत नाही.

आपल्या देशाला हे कळत नव्हते असे नाही. १९७४ साली बुखारेस्टच्या जागतिक लोकसंख्या परिषदेत भारताचे प्रतिनिधी डॉ. करण सिंग यांनी विकास हेच उत्तम गर्भनिरोधक असल्याचे सांगितले. दोनच वर्षांत ते आरोग्यमंत्री असतानाच आणीबाणीतली सक्तीची नसबंदी सुरू झाली. तिची दहशत इतकी बसली की पुरुष नसबंदीचे नाव काढायला आजही कोणी धजत नाही आणि ऑपरेशन बाईच्याच वाट्याला येते. धाकाने संख्या कमी करायला निघालेल्यांनी एवढे लक्षात ठेवावे.

आता आपल्या शाळेकडे या. कित्येक सरकारी प्राथमिक शाळांचे पट आज या मजुरांच्या मुलांवरच उभे आहेत. घरी कन्नड किंवा भोजपुरी बोलणारी पोरे वर्षभरात मराठीत पाढे म्हणतात. ती नसती तर आणखी कितीतरी शाळांना कुलूप लागले असते. (मराठी शाळा वाचवा म्हणून भाषणे ठोकणाऱ्यांनी त्या एकदा कोण वाचवतेय ते बघून यावे.)

माझ्या वर्गात चौथीतली एक मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन यायची. आई-बाप साइटवर, पोर ठेवायचे कुठे? ते रडले की ती त्याला घेऊन व्हरांड्यात जायची आणि तिथून खिडकीतून फळा बघून वहीत उतरवायची. शुद्धलेखन वर्गात सर्वांत चांगले. पाचवीत ती आलीच नाही. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याप्रमाणे पन्नासपेक्षा जास्त बायका कामावर असतील तरच पाळणाघर बंधनकारक होते. आपल्याकडच्या किती साइटवर पन्नास बायका असायच्या?

दुसरी अडचण दाखल्याची. वर्षाच्या मध्ये आलेल्या मुलाला 'आधी गावच्या शाळेचा दाखला आणा' म्हणून परत पाठवल्याचे मी डोळ्यांनी पाहिले आहे. शिक्षण हक्क कायदा सांगतो की जन्माचा पुरावा नाही किंवा दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. कायदा २००९ चा आहे, पण कारकुनाच्या टेबलापर्यंत तो अजून पोचायचाय.

म्हणून मागणे असे. महिला व बालविकास खात्याशी बोलून, जिथे मजुरांची वस्ती आहे तिथल्या अंगणवाड्या आई-बाप कामावरून सुटेपर्यंत उघड्या ठेवा. चौथीनंतर गळणाऱ्या मुलींची नावे शाळाशाळांतून मागवा आणि त्या कुठे गेल्या याचा शोध घ्यायला माणूस नेमा. आणि दाखल्याविना प्रवेश द्यायचा आहे, असे स्पष्ट परिपत्रक नव्या वर्षाआधी काढा. ते मराठी, हिंदी आणि कन्नडमध्ये प्रत्येक शाळेच्या फाटकावर लावा. आतल्या सूचनाफलकावर नको, तिथवर या आयांना कोणी जाऊच देत नाही.

आपला,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक,
डिचोली