मावशीच्या ओठाला चॉकलेट कळेना

प्रिय शमे,

आम्ही सगळे बरे आहोत, माझा गुडघाही. आता नीट ऐक.

परवा नाताळच्या ऑर्डरींसाठी संत्र्याच्या साली बुडवायला बसलो होतो. मावशीने नेहमीसारखं संगमरवरावर चॉकलेट ओतलं, पात्याने पसरलं, गोळा केलं, परत पसरलं. मग बोटावर थेंब घेऊन खालच्या ओठाला लावला. गप्प झाली. पुन्हा लावला. "मला काही कळतच नाही गं," म्हणाली. तोंड वाकडं झालं होतं ते सरळ झालं, पण ओठाचा तेवढा भाग बधिर राहिलाय. बाकी कुणाला सांगितलं तर म्हणतील, त्यात काय एवढं? म्हणून तुला लिहितेय.

थर्मामीटर मी आणलाय. डार्क चॉकलेट ४५ अंशांपर्यंत वितळवायचं, २७-२८ वर उतरवायचं, मग ३१-३२ वर चढवायचं, एवढं तो चोख सांगतो. ओठ त्याहून गरम, म्हणून तयार चॉकलेट त्याला किंचित गार लागतं, हेच मावशीचं गणित. पण कोकोबटरचे, म्हणजे चॉकलेटमधल्या तुपाचे, स्फटिक नीट जमले का, हे आकड्यावरून कळत नाही. न जमता बुडवलं तर सालींवर पांढरट पट्टे उठतात.

वहिनी म्हणते, कंपाउंड चॉकलेट आणा, वितळवा नि बुडवा. त्यात कोकोबटरच्या जागी दुसरंच वनस्पतीचं तूप, तोंडात मेणासारखं रेंगाळतं. माझ्या हातून ते व्हायचं नाही, मावशीच्या डोळ्यांदेखत तर नाहीच नाही.

पण ती आता ओट्याकडे फिरकतच नाही गं. मटार सोलत बसते. काल मी हट्टाने हाक मारली, म्हटलं, ओठ राहू दे, धार बघून सांग. आली. पात्यावरून ओघळणारी धार बघितली आणि म्हणाली, "अजून दोन हात मार." मारले. चाखणीचा तुकडा पाच मिनिटांत चकचकीत झाला, मोडताना टक् वाजला. तिने तो खाल्ला आणि परत मटाराकडे गेली.

तुझी बदली झाली का? चिनूचा अभ्यास कसा चाललाय? संत्री पाठवशील तेव्हा जाड सालीची बघ, पातळ साल पाकात विरघळते.

आणि मावशीला फोन कर. साली उकळून पाणी दोनदा टाकून द्यायचं की तीनदा, यावरून तुम्ही दोघी तासन्‌तास भांडायचात. (तीनदाच! दोनदात कडू राहते, आजही सांगते.) तेच भांडण उकरून काढ. तुला खोटं पाडायला ती नक्की ओट्याशी येईल.

तुझी,
मंदा