‘वॉटरप्रूफ’ ट्रॉली बॅगेत पाणी शिरल्याबाबत आणि चार फोननंतरही दाद न मिळाल्याबाबत

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

काल दुपारी तुमच्या ग्राहक सेवेला चौथा फोन केला. सव्वीस मिनिटं लाइनवर ताटकळले आणि शेवटी जे ऐकावं लागलं, त्यानंतर पाचवा फोन करायची इच्छा उरली नाही. म्हणून लेखी देते आहे.

बॅग कोणती ते तुम्हाला सांगायला नको. निळी, कापडी, चार चाकांची, मोठ्या आकाराची. टॅगवर नारळाचं झाड, मागे समुद्र आणि ठळक अक्षरात ‘वॉटरप्रूफ’. सोलापुरात नवी पेठेतून ६,४९९ रुपयांना घेतली, पावती सोबत जोडली आहे. दुकानदाराविषयी माझी तक्रार नाही. टॅगवर जे छापलं होतं तेच त्याने सांगितलं.

ही बॅग मी अंदमानसाठीच घेतली होती. माझ्या सासूबाई दर १२ जानेवारीला चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी हार घेऊन जातात. १९३१ साली त्याच दिवशी येरवड्यात सोलापूरच्या चौघांना फाशी झाली, सासूबाईंच्या वडिलांनी ते दिवस पाहिलेले. ‘एकदा सेल्युलर जेल बघायचंय’ हे वाक्य मी लग्न होऊन आल्यापासून ऐकते आहे. यंदा दिवाळीनंतर जमलं. सोलापूरहून रेल्वेने चेन्नई, तिथून विमानाने श्रीविजयपुरम, म्हणजे आधीचं पोर्ट ब्लेअर.

विमानात सामानाला १५ किलोची मर्यादा. शेजारच्या किराणा दुकानातून काटा आणून मी बॅग तीनदा भरली, तीनदा उपसली. तळाशी दोन सोलापुरी टॉवेल, त्यावर सुती कपडे, कडेला कडक भाकरीचा डबा आणि शेंगाचटणी, सगळ्यात वर सासूबाईंचं लाल काठाचं इरकली लुगडं. ते जेलच्या दिवशी नेसायचं म्हणून घडी न मोडता ठेवलेलं. एरवी मी प्रत्येक घडी प्लास्टिकच्या पिशवीत घालते. या वेळी घातल्या होत्या, त्यासुद्धा काढून टाकल्या. टॅगवर ‘वॉटरप्रूफ’ लिहिलं होतं म्हणून.

स्वराज द्वीपच्या, म्हणजे आधीच्या हॅवलॉक बेटाच्या, जेटीवर बोटीतून उतरलो आणि पाऊस आला. वीस मिनिटं. बॅग उभी होती, चाकांवर, ओल्या फरशीवर. खोलीवर जाऊन चेन उघडली तर टॉवेल पिळण्याइतके ओले, डब्यात पाणी, भाकऱ्या लिबलिबीत. लुगड्याचा लाल रंग सासूबाईंच्या दुसऱ्या पांढऱ्या लुगड्यावर उतरलेला. जाणाऱ्याला माहीत असतं, तिथल्या हवेत कपडा वाळत नाही. आमच्याकडे दुपारी दोरीवर टाकलेला टॉवेल तासात कडक होतो. तिथे तो दुसऱ्या दिवशीही गार लागत होता. परतीच्या विमानाला ओल्या कपड्यांमुळे बॅग १८ किलो भरली. जादा वजनाचे पैसे भरले, त्याचीही पावती जोडली आहे.

चौथ्या दिवशी सासूबाई सेल्युलर जेलमध्ये गेल्या त्या रेल्वेत नेसलेल्या, चुरगळलेल्या लुगड्यात. सात पाख्यांपैकी आता तीनच उभी आहेत, ती सगळी त्या चालत फिरल्या. सावरकरांच्या कोठडीपुढे पदर सारखा करत उभ्या राहिल्या आणि मला हळूच म्हणाल्या, ‘अशी नव्हतं यायचं गं.’ हे मी तुमच्या माणसाला फोनवर सांगितलं. आता त्याचं उत्तर वाचा.

तो म्हणाला, ‘मॅडम, वॉटरप्रूफ म्हणजे पाण्यात न्यायची नाही.’
मी म्हटलं, पाण्यात नेली नाही, पावसात उभी होती.
‘किती वेळ?’
वीस मिनिटं.
‘मग हलक्या पावसासाठी आहे ती.’
मी विचारलं, हे टॅगवर कुठे लिहिलंय? यावर तो थोडा वेळ गप्प. मागे कुणीतरी हसत होतं. मग म्हणाला, ‘मॅडम, तुम्ही सोलापूरच्या ना? तिथे तसाही पाऊस नसतो. तिथे वापरा, काही होणार नाही.’

मी म्हटलं, पुन्हा बोला. त्याने पुन्हा तेच सांगितलं, सावकाश, मला ऐकू येत नसावं तसं. सोलापूरच्या माणसाने समुद्र बघायला जायचंच नाही का? मग टॅगवर नारळाचं झाड कशाला छापलंत? मी वरिष्ठांना द्या म्हटलं, तर ‘तक्रार बंद झाली आहे’ म्हणून फोन ठेवला. तक्रार कुणी बंद केली? मी तर केली नाही.

आता कामाचं सांगते. मी अठरा वर्षं शाळेच्या गणवेशाच्या कारखान्यात मशीनवर आहे. घरी आल्यावर बॅग उलटी करून अस्तर उसवलं. कापड चांगलं आहे, त्यातून पाणी आलेलं नाही. पण शिलाईत सुई जिथे जिथे गेली आहे तिथे भोक आहे, आणि त्यावर आतून टेप नाही. रेनकोट शिवणाऱ्या कुणालाही विचारा, शिलाईवर आतून टेप गरम करून चिकटवल्याशिवाय पाणी थांबत नाही. चाकं स्क्रूने बसवली आहेत, त्या भोकांना रबराचं वायसरसुद्धा नाही. पाणी तिथूनही आत आलं. तळाचे टॉवेल सगळ्यात ओले होते. हे तुमच्या कारखान्यात बॅग शिवणाऱ्याला ठाऊक असणार आणि तुम्हालाही. तरी ‘वॉटरप्रूफ’ छापलंत.

मला ६,४९९ रुपये, जादा वजनाचे पैसे आणि लुगड्याची भरपाई हवी आहे. त्याहून जास्त मला लेखी हवं आहे की ही बॅग वॉटरप्रूफ नाही, आणि टॅगवरचा तो शब्द काढला जाईल. आमच्या घरात तुमच्या कंपनीच्या बॅगा माझ्या लग्नापासून आहेत. माझी रुखवताची बॅग तुमचीच होती, अजून पोटमाळ्यावर धड आहे. म्हणून जास्त लागलं.

पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली सोलापूरच्या जिल्हा आयोगात तक्रार दाखल करीन. ग्राहक जिथे राहतो तिथे ती करता येते आणि ५ लाखांपर्यंत फी लागत नाही, एवढी माहिती मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून काढली आहे. तो फोन पहिल्याच वेळी उचलला गेला.

बॅग फेकलेली नाही, उसवलेल्या अस्तरासह ठेवली आहे. तुमचा माणूस पाठवा. त्याच्यासमोर तळाशी पाणी ओतून दाखवते.

आपली ग्राहक,
सोलापूर

सोबत: बॅगेची पावती, जादा वजनाची पावती, टॅग, शिलाईचे व स्क्रूच्या भोकांचे सहा फोटो, लुगड्याचा एक फोटो.