जुलै जुळला म्हणून एप्रिल जुळत नाही

गुहागर

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

'गेट' झाली, आता एम.टेक.ला जलशास्त्र, पुढे पीएच.डी. आणि विषय पाण्याच्या नियोजनाची संगणकी मॉडेलं, हे ऐकून बरं वाटलं. सोबत सॉफ्टवेअरची लांबलचक यादी पाठवून यातलं आधी काय शिकू, असं विचारलंस. त्याचं उत्तर एका ओळीत मावतं: पावसावरून नदीचा प्रवाह काढणारी एचईसी-एचएमएस आणि स्वॅट प्लस, जोडीला नकाशांसाठी क्यूजीआयएस आणि प्रोग्रामिंगसाठी पायथन. सगळं फुकट मिळतं आणि दोन-तीन महिन्यांत हात बसतो. 'माइक' नावाच्या महागड्या सॉफ्टवेअरच्या मागे आत्ता लागू नकोस, संस्थेकडे परवाना असला तर तिथे शिकशील. पत्र लिहितेय ते वेगळ्याच कारणासाठी.

तुमच्यात मॉडेल पास की नापास हे बहुधा नॅश-सटक्लिफच्या आकड्यावर ठरतं, म्हणजे मॉडेलने काढलेला प्रवाह मोजलेल्या प्रवाहाशी किती जुळतो त्यावर. सूत्र १९७० सालचं. १ आला तर तंतोतंत, ० आला तर नुसती सरासरी सांगितली असतीस तरी तेवढंच. ०.५ च्या वर गेलं की शोधनिबंधात 'समाधानकारक' लिहायला मोकळे. आता हेच कोकणात लावून बघ. आपला जवळजवळ सगळा पाऊस चार महिन्यांतला. सूत्रात प्रत्येक त्रुटीचा वर्ग करतात (तिला तिनेच गुणतात), म्हणजे जुलैतल्या मोठ्या प्रवाहाची चूक मोजली जाते आणि उन्हाळ्यातली खिजगणतीत राहत नाही. पावसाळ्यात वहाळ भरतो आणि उन्हाळ्यात आटतो, एवढं कळलेलं मॉडेलही चांगला आकडा दाखवतं. एप्रिलमध्ये पऱ्याला, म्हणजे छोट्या ओढ्याला, सेकंदाला ५ लिटर पाणी असताना मॉडेल ० म्हणालं काय नि ५० म्हणालं काय, आकडा हलत नाही. आणि ग्रामपंचायतीला टँकर लागतो तो एप्रिलमध्येच.

म्हणून दोन सवयी आत्ताच लाव. प्रवाहाचा लॉग (गणितातला लॉगॅरिदम) घेऊन तोच निर्देशांक पुन्हा काढायचा (कोरड्या दिवसांच्या शून्याचा लॉग निघत नाही, तिथे बारीकसा आकडा मिळवायचा आणि किती मिळवला ते लिहायचं). आणि तुलना वर्षाच्या सरासरीशी न करता त्या त्या महिन्याच्या सरासरीशी करायची. त्यात मॉडेल हरलं तर ते आपल्याला काही नवीन सांगत नाही, मग बाकीचे तक्ते कितीही रंगीत असोत.

उन्हाळा का चुकतो? जांभ्यामुळे. सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर, पडलेलं पाणी भोकाभोकांतून झपाट्याने खाली जातं, खालच्या चिकणमातीवर अडतं आणि उताराला झऱ्यांतून बाहेर पडतं. ऑगस्टमध्ये काठोकाठ असलेली विहीर मार्चमध्ये तळ दाखवते ती त्यामुळे. साध्या मांडणीत भूजल म्हणजे एकच टाकी आणि आटण्याचा एकच वेग. आपल्याकडे निदान दोन वेग लागतात, सुरुवातीचा धावता आणि नंतरचा थेंबथेंब. एकच आकडा ऑगस्ट-सप्टेंबरवर जुळवलास की मॉडेलमधली विहीर डिसेंबरातच कोरडी पडते. मग मुलं दुसरा एखादा आकडा ओढूनताणून हिशोब बसवतात. उत्तर बरोबर येतं, कारण चुकीचं राहतं. असे जुळणारे संच एक नाही, शेकडो निघतात. त्यातले खोटे कोणते हे संगणक सांगत नाही, मोजलेलं पाणी सांगतं.

पुराचा विषय घ्यावासा वाटला, तर एक हिशोब स्वतः करून बघ. कर्व्ह नंबर, म्हणजे पडलेल्या पावसातला किती वाहून जाईल ते ठरवणारा जमिनीचा आकडा, ७५ धर, पाऊस १०० मिलिमीटर: वाहून जाणारं पाणी साधारण ४१ मिलिमीटर. नंबर ८५ केलास की ६१. म्हणजे जवळजवळ दीडपट. आता पाऊस ३०० कर: २१८ आणि २५२, फरक सोळा टक्क्यांचा. आपल्याकडच्या मोठ्या पावसात जमीन भरून गेलेली असते, त्यामुळे कर्व्ह नंबरवर महिनोन्महिने घासाघीस करण्यापेक्षा पाऊस नेमका किती आणि कधी पडला ते धुंडाळ.

आणि 'कधी'तच घोळ असतो. हवामान खात्याचा रोजचा पाऊस सकाळी साडेआठला मोजतात आणि मागच्या चोवीस तासांचा आकडा त्याच दिवसाच्या तारखेला टाकतात. म्हणजे २१ तारखेच्या दुपारचा पाऊस २२ च्या रकान्यात. उपग्रहाच्या माहितीचा दिवस मात्र जागतिक वेळेने, आपल्या पहाटे साडेपाचला सुरू होतो. दोन्ही फायली तारखेवर डोळे मिटून जोडल्यास की पूर पावसाच्या आधी येतो. शिवाय घाटमाथ्याला अडून पडणारा पाऊस उपग्रहाला बऱ्याचदा कमी दिसतो, त्यामुळे जमिनीवरच्या पर्जन्यमापकाला पर्याय नाही.

खाडीची गंमत आणखी वेगळी. भरतीच्या तक्त्यातली उंची सागरी नकाशाच्या शून्यापासून, म्हणजे ओहोटीच्या नीचांकी पातळीच्या आसपासून, मोजलेली असते आणि तुझा भूउंचीचा नकाशा सरासरी समुद्रपातळीपासून. मुंबईला या दोन शून्यांत सुमारे अडीच मीटरचा फरक आहे. तो वजा न करता चालवलंस तर साध्या भरतीतसुद्धा गाव बुडतं. त्यातून एसआरटीएमचा, म्हणजे अंतराळातून रडारने केलेला भूउंचीचा नकाशा जमिनीऐवजी झाडांचे शेंडे दाखवतो, म्हणजे आंबा-फणसाच्या बागा टेकड्या होऊन बसतात. आणि भरतीचं पाणी जिथवर चढतं तिथल्या मापकावर उंचीवरून प्रवाह काढू नकोस. तीच उंची ओहोटीला वेगळा प्रवाह असते, भरतीला कधी कधी उलटा.

नदी निवडतानाही बघ. वाशिष्ठी सगळ्यांना हवी असते, २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरामुळे. पण तिच्यात कोळकेवाडीतून कोयनेचं अवजल, म्हणजे वीज करून सोडलेलं पाणी, येतं. तिचं उन्हाळ्यातलं पाणी इथल्या पावसाचं नव्हेच, वीज केव्हा किती केली त्याचं. वीजगृहाच्या रोजच्या नोंदी हातात नसतील तर उन्हाळ्याच्या अभ्यासाला ती घेऊ नकोस. त्यापेक्षा पाच-दहा चौरस किलोमीटरचा बिनधरणाचा पऱ्या घे. छोटं आहे म्हणून कोणी हसेल, हसू दे.

त्यावर व्ही-नॉच बसव, म्हणजे प्रवाह मोजायला व्ही आकाराची खाच असलेला आडवा पत्रा, नव्वद अंशांचा. सूत्र सोपं: प्रवाह घनमीटर प्रतिसेकंद = १.३८ गुणिले उंचीचा अडीचावा घात, उंची मीटरमध्ये. १० सेंटिमीटरला सेकंदाला साधारण ४.४ लिटर, ५ सेंटिमीटरला पाऊण लिटरच्या आसपास. उंची निम्मी झाली की पाणी पाचपटीहून जास्त कमी होतं, म्हणून पट्टी वाचण्यात ढिलाई चालत नाही. पट्टी नॉचवरच लावतात ती हमखास चूक, तिथे पाणी आधीच वाकलेलं असतं. उंचीच्या निदान चौपट अंतरावर, वरच्या अंगाला लाव. धार मोकळी खाली पडली पाहिजे, पत्र्याच्या कडेने झिरपायला नको, आणि टोकात पानं अडकली की वाचन खोटं. दर आठवड्याला एक नोंद आणि शेजारच्या दोन विहिरींची पातळी, बस.

आता व्यवहार. एम.टेक.ला गेटवर महिना १२,४०० मिळतात. पीएच.डी.ला जेआरएफ ही संशोधन फेलोशिप ३७,०००, दोन वर्षांनी ४२,०००. रुडकीला जलशास्त्राचा विभाग १९७२ पासून आहे, राष्ट्रीय जलविज्ञान संस्थाही तिथेच. पण नावापेक्षा मार्गदर्शक बघ. त्यांच्या आधीच्या दोन विद्यार्थ्यांना फोन करून विचार: माहिती कुठून आणली, मिळायला किती महिने गेले, सर किंवा मॅडम स्वतः किती वेळा नदीवर आले. 'माहिती मिळेल, बघू' असं उत्तर आलं तर दुसरं दार ठोठाव. सरकारी नोंदी मागण्यात सहज वर्ष जातं, ते फेलोशिपमधूनच जातं.

मे महिन्यात येतेस ना? येताना चिपळुणातून दीड-दोन मिलिमीटर जाडीचा स्टेनलेसचा पत्रा आण, मीटरभर लांब, अर्धा मीटर रुंद. काटकोन लेझरवर कापून घे, छिन्नीने कापलेली कड वाकडी येते. वहाळात अजून बोटभर धार आहे, ती असतानाच बसवून टाकू.

तुझी,
आई