चार नॉमिनी आणि उरलेला एक टक्का

प्रति,
संपादक महोदय,
सा. न. वि. वि.

१ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेच्या खात्याला एकाऐवजी चार नॉमिनी लावता येतात. आमच्या जवळच्या शाखेत याची पाटी अजून लागलेली नाही. काउंटरवरच्या मुलाला विचारलं की तो मान वर न करता म्हणतो, 'ॲपमध्ये बघा.' मी इंदूरच्या एका बँकेत जन्मभर डिपॉझिटच्या टेबलावर बसले. त्या अर्ध्या पानाच्या कागदावर माणसाचं अख्खं घर कसं उघडं पडतं, ते मी पाहिलंय. म्हणून हे पत्र.

नॉमिनेशनचे नियम १९८५ साली आले. सुरुवातीला गिऱ्हाईक दचकायचं. 'मैडम, अभी तो मैं ज़िंदा हूँ!' हे ठरलेलं उत्तर. एका भाविक दुकानदाराने आमच्या क्लार्कला सांगितलं, 'भिया, खजराने वाले गणेशजी को लिख दो.' नॉमिनी हाडामांसाचा माणूसच लागतो, देव चालत नाही, असं समजावल्यावर तो जरा विचार करून म्हणाला, 'तो फिर पुजारीजी?' पुजारीजी नियमात बसत होते. पण त्याची आई मागेच उभी होती, तिने फॉर्मच ओढून घेतला.

तेव्हा फॉर्म तीन असत. नाव लावायला डीए-१, रद्द करायला डीए-२ आणि बदलायला डीए-३. क्लॉथ मार्केटमधले एक शेठजी डीए-३चे नेहमीचे. घरात वाजलं की बायकोचं नाव जाऊन धाकट्या भावाचं यायचं, दिवाळी आली की पुन्हा बायको. त्यांच्या घरचं हवामान आम्हाला लेजरवर कळायचं. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, तो पैसे घेऊन वारसांना पोचवणारा विश्वस्त, हे मी त्यांना अनेकदा सांगितलं. पण रागाच्या भरात आलेला माणूस एवढं ऐकायला कुठे थांबतो? एकदा मात्र ते कचोऱ्यांचा पुडा घेऊन आले आणि टेबलावर वाकून हळूच म्हणाले, 'मिसेस ने अपने खाते में किसका नाम डाला है?' शाखेत सगळ्यांना ते नाव ठाऊक होतं. कचोऱ्या आम्ही खाल्ल्या, नाव सांगितलं नाही. इथेही सांगणार नाही.

आता एकाच्या जागी चार म्हटल्यावर पुढे काय होणार याची झलक गेल्या महिन्यातच मिळाली. आमच्या गल्लीतले एक आजोबा मुदत ठेवीच्या पावत्या घेऊन माझ्याकडे आले. तीन मुलगे, तिघांना अगदी सारखं द्यायचं. प्रत्येक नॉमिनीच्या नावापुढे त्याच्या हिश्श्याचे टक्के लिहायचे आणि त्यांची बेरीज शंभर भरली पाहिजे, म्हणून मी ३४, ३३, ३३ असं मांडलं. आजोबांनी चष्मा काढला. 'हा वरचा एक कोणाला?' थोरला म्हणावा तर धाकट्या सुनेचं तोंड वाकडं. ज्याच्याकडे राहतो त्याला म्हणावा तर बाकीचे दोघे म्हणणार, बघा, शेवटी काढूनच घेतला. दशांश चिन्ह त्यांना मान्य नव्हतं. 'मी म्युनिसिपालटीत हिशेबनीस होतो, मला अपूर्णांक शिकवू नकोस.' चहा झाला, दुसरा झाला. शेवटी मी विचारलं, 'आणि देवासची ताई?' आजोबा गप्प. मग बोटांवर मोजून म्हणाले, 'चौघांना पंचवीस-पंचवीस. अगदी बरोबर बसतंय की गं!' लेकीचा हक्क त्यांना पटला की नुसता भागाकार, ते मी विचारलं नाही.

शाखेत गेलो तर तिथे आणखी एक गंमत. आजोबांचा हात थरथरतो म्हणून काउंटरवरच्या त्या मुलाने दोन साक्षीदार आणायला सांगितले. अहो, साक्षीदार अंगठा असेल तर लागतात, सहीला नाही. मॅनेजरसाहेबांनी परिपत्रक उघडून पाहिलं, तेव्हा काम झालं. बाहेर पडताना आजोबा म्हणाले, 'आता लॉकरलाही असंच पंचवीस-पंचवीस करून टाकू.' लॉकरला टक्के चालत नाहीत, एकापाठोपाठ एक, म्हणजे पहिला हयात नसेल तर दुसरा, असा क्रमच लावावा लागतो, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. चौघांत पहिला कोण, यावर दोन चहांत भागणार नाही.

तेव्हा बँकांना विनंती एवढीच, की पाटी लावा, टक्के आणि क्रम यांतला फरक तिच्यावर मराठी-हिंदीत लिहा, आणि आठवड्यातून एक दुपार तरी या कामासाठी एखादा जुना, ऐकून घेणारा माणूस टेबलावर बसवा. वाचकांनी आपलं पासबुक उघडून नॉमिनेशनची नोंद आहे का ते पाहावं. नोंद असेल तर नाव कोणाचं आहे तेही विचारून घ्यावं. लग्नाआधी उघडलेल्या खात्यांवर फार मजेशीर नावं निघतात.

आपली,
एक निवृत्त बँक अधिकारी
रामबाग, इंदूर