पेरिम, पोर्ट ब्लेअर आणि आमचे माग

सोलापूर,
22 जानेवारी 2024

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र ऐन संक्रांतीत मिळालं. गड्ड्याची जत्रा, घरात पाहुणे, त्यात मन थाऱ्यावर नाही, म्हणून उत्तराला उशीर झाला.

हॅम्बुर्गला जाणारा आपला टॉवेलचा कंटेनर न्हावाशेव्याला पडून आहे. 19 नोव्हेंबरला येमेनच्या हुथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात हेलिकॉप्टरमधून उतरून 'गॅलेक्सी लीडर' हे जहाज धरलं. ते तुर्कस्तानातून भारताकडंच येत होतं. ती बातमी मी चहा पिताना पाहिली नि विसरलो. डिसेंबरात तीच आमच्या दारात आली. मोठ्या कंपन्यांनी सुएझची वाट सोडली, जहाजं आफ्रिकेला वळसा घालून निघाली. दहा ते चौदा दिवस जास्त. जहाजं उशिरा परततात म्हणून रिकामे कंटेनर मिळेनात, भाडं चढलं, विमा चढला. आणि खरेदीदार म्हणतो, पुढची ऑर्डर नंतर बघू.

चोवीसपैकी दहा माग बंद ठेवलेत. काल रात्री शेडमध्ये गेलो होतो. टॉवेलच्या मागाला दोन बीम असतात हे तुला माहीतच आहे. एका मागावर पाइलचा, म्हणजे टॉवेलवरच्या फुगीर फाशांच्या सुताचा, बीम अर्धा उरलेला, अर्धवट विणलेल्या टॉवेलवर कापसाची तूस बसलेली. शनिवारी पगार घेताना अण्णा एवढंच म्हणाले, "मालक, त्या लढाईत आपलं काय?" तीस वर्षं त्यांनी आमच्याकडं माग चालवलाय. मी मोबाइलवर त्यांना सुएझच्या वाटेवरचं, तांबड्या समुद्राच्या तोंडाशी असलेलं बाब-एल-मांदेब दाखवलं. जेमतेम तीस किलोमीटर रुंदीची सामुद्रधुनी, तीत येमेनच्या बाजूला पेरिम नावाचं उजाड बेट. सुएझ कालवा 1869ला खुला झाला, पण इंग्रजांनी पेरिम 1857लाच बळकावलं होतं, आणि 1967पर्यंत सोडलं नाही. त्याच साली लढाईनं सुएझ बंद पडला तो थेट 1975पर्यंत. कालव्यात अडकलेली जहाजं आठ वर्षं तिथंच राहिली रे!

माझ्या कंटेनरचं दुःख मोठं नाही. 12 जानेवारीपासून अमेरिका आणि ब्रिटन येमेनवर बॉम्ब टाकतायत. उत्तर येमेनचं बहुतेक धान्य होदेदा बंदरातून येतं. तिथल्या किनाऱ्यावरच्या कोळ्यानं आता होडी कुठं घालायची? बातम्यांत जहाजांची नावं येतात, त्याचं नाही. ज्याला वाट हवी असते तो बेट घेतो, आणि किंमत तिथं राहणारा मोजतो. मला याचा फार राग येतो.

तू पोर्ट ब्लेअरजवळच्या होम्फ्रेगंजमधल्या हत्याकांडाबद्दल लिहिलंस ते दोनदा वाचलं. मार्च 1942मध्ये रंगून पडलं, आणि 23 तारखेला जपान्यांनी तुझं पोर्ट ब्लेअर घेतलं. ब्रह्मदेशाचा तांदूळ बंद झाला, पुढच्या वर्षी बंगालात माणसं भुकेनं मेली. त्या दुष्काळाची कारणं आणखीही होती, पण हे एक होतंच. तिकडं अंदमानात जपान्यांनी डॉक्टर आणि कवी दिवाणसिंग कालेपाणींना छळून मारलं, आणि 30 जानेवारी 1944ला हेरगिरीच्या संशयावरून होम्फ्रेगंजला 44 जणांना गोळ्या घातल्या. आपल्या शाळेच्या पुस्तकात अंदमान म्हणजे फक्त सेल्युलर जेल होता.

येत्या 30 तारखेला त्याला 80 वर्षं होतायत. तू तिथं जा. माझ्या वतीनं फुलं वाहा, आणि नावं लिहिलेली असतील तर उतरवून पाठव. मला ती अण्णांना वाचून दाखवायची आहेत.

वहिनींना नमस्कार, पोरांना तिळगूळ.

तुझाच,
विजू