प्लेगची लस शोधत फिरू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आमच्या खानापूर-निपाणी भागातली पोरं हल्ली कामासाठी पार आफ्रिकेत जातात. ओळखीचा एक फिटर कांगोला निघाला, तर एजंटानं ‘प्लेगचं इंजेक्शन’ म्हणून जादा पैसे उकळले. कार्ड पाहिलं तर यलो फीवरचं, म्हणजे डासांतून होणाऱ्या पीतज्वराच्या लसीचं! ती लस कांगोला लागतेच, परतताना आपल्या विमानतळावरही दाखला विचारतात. पण प्लेगशी तिचा काडीचा संबंध नाही.

प्लेगची लस म्हटलं की जुन्या लोकांना ती बनवणारे शास्त्रज्ञ हाफकिन आठवतात. 1897 मध्ये मुंबईत त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली, पुढच्याच वर्षी शेजारच्या हुबळीत हजारोंना टोचली गेली. आज मात्र जंतू हाताळणारे प्रयोगशाळेतले लोक आणि असेच मोजके सोडले, तर जागतिक आरोग्य संघटना प्रवाशांना ही लस घ्यायला सांगत नाही.

मग प्लेग असलेल्या भागात जाणाऱ्यानं करायचं काय? उंदीर पडू लागले की गाव सोडून शिवारात खोपटी घालायची, एवढं आपल्या आजा-पणजांना कळत होतं. उंदराचं अंग गार पडलं की त्याच्यावरच्या प्लेग पसरवणाऱ्या पिसवा माणसावर येतात. म्हणून मेलेल्या उंदराला हात लावू नये, भुईवर अंथरूण टाकू नये, अंगाला पिसवा-डासांचं मलम लावावं. खोकणाऱ्या रुग्णापासून लांब राहावं.

परतल्यावर आठवडाभरात थंडी वाजून ताप आला, जांघेत वा काखेत दुखरी गाठ आली, खोकल्यातून रक्त पडलं, तर डॉक्टरांना आधी कुठून आलो ते सांगावं. न सांगितल्यास ते डेंगी-टायफॉइडच तपासत बसणार, त्यांचा तरी काय दोष? जेंटामायसिन, डॉक्सिसायक्लिनसारखी औषधं वेळेत मिळाली तर रोगी बरा होतो. फुप्फुसाच्या प्लेगात मात्र एका दिवसाचा उशीरही जिवावर बेततो. रुग्णाच्या सहवासात आलेल्यांनाही गोळ्या देतात, पण त्या डॉक्टरांनी सांगितल्यावरच. 1994 ला सुरतेत प्लेग निघाला तेव्हा टेट्रासायक्लिनसाठी दुकानांवर उडालेली झुंबड अनेकांना आठवत असेल.

जिल्हा आरोग्य खात्यानं कुठल्या देशाला कोणती लस लागते याचं साधं पत्रक काढून पासपोर्ट केंद्रात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत लावावं. तेही कन्नड आणि मराठी, दोन्हींत.

– एक निवृत्त आरोग्य सेवक, खानापूर